ज्याची वाटी, त्यानें विसळावी

लासलगांवची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याच्या हंगामांत तेथें गाड्यांची रीघ लागते, आणि माणसें जमलीं कीं चहा आलाच. चहा झाला कीं पेला रस्त्यावर! घरचें मूल हें पाहतच वाढतें. मग त्याच्या वाढदिवशीं खाणेंही तशाच फेकून द्यावयाच्या भांड्यांत वाढलें जातें.

कायद्यानें आपलें काम केलें आहे. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें प्लास्टिकच्या व थर्मोकोलच्या ताटांपेल्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचीं ताटें, पेले व चमचे साऱ्या देशांत बंद झाले. तरी हीं भांडीं घरांत येतात, तीं कांहीं हौसेखातर नव्हे. वीस-पंचवीस मुलांचीं ताटें घासावयाचीं कोणीं? एकत्र कुटुंबांत याचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें : सुनांनीं. प्लास्टिकनें त्यांचे हात मोकळे केले, हें मान्य केल्यावांचून केलेला उपदेश आम्हांस पोकळ वाटतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, मुलांस प्लास्टिकचे दोष पढविण्याआधीं त्यांच्या हातीं घासणी द्यावी. प्रत्येकास स्टीलची एक वाटी, एक चमचा व एक पेला द्यावा, आणि लग्नांतल्या भांड्यांवर घालतात तसें त्यांवर त्याचें नांव घालून आणावें. नांवाची वाटी मूल सहसा हरवूं देत नाहीं. ती दुसऱ्याच्या पानाशीं दिसली तर तंटा करितें. तो तंटा आम्हांस मोलाचा वाटतो! खाणें होतांच आपली वाटी आपण विसळावी. मुलग्यांनींही, किंबहुना त्यांनींच आधीं. वाढदिवसाच्या निमंत्रणांतच 'येतांना आपली वाटी व चमचा आणावा' असें कळवावें. मुलांस त्यांत सहलीची मौज वाटेल.

मोठ्या पंगतीस केळीचें पान वा पळसाची पत्रावळ आहेच. तिचें खत होतें. कागदी पेल्याविषयीं मात्र सावध असावें, कारण त्यास आंतून बहुधा प्लास्टिकचा पातळ लेप असतो. अशा पेल्यांत शंभर मिलिलिटर ऊन पेय पंधरा मिनिटें राहिलें, तर त्यांत सुमारें २५,००० सूक्ष्म कण उतरतात, असें खरगपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधकांस २०२० सालीं आढळलें.

राहतां राहिला पाण्याचा प्रश्न. उन्हाळ्यांत तें जपावेंच लागतें. दोन घमेलीं मांडावीं. पहिल्यांत खरकटें काढावें, दुसऱ्यांत वाटी खळबळावी, आणि पहिल्यांतलें पाणी परसांतल्या कढीलिंबास घालावें. तें काम सर्वांत धाकट्यास द्यावें. तो तें आनंदानें करील.