सापळ्याच्या पायपट्टीचा ताण

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णा नदीचे सखल, काळ्या मातीचे खोरे आहे, तर दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा व पठार. दोन्ही भागांत शेतकऱ्याच्या श्रमाचा एक वाटेकरी समान आहे, तो म्हणजे उंदीर. बांधात बिळे करून राहणारी घूस शेतातील पिकाचा फडशा पाडते, तर घरातील कणगी व गोदामातील पोती काळा उंदीर फोडतो. यावर विषारी आमिष हा उपाय सर्वपरिचित आहे. परंतु झिंक फॉस्फाइडसारखे विष मुले व गुरे यांनाही घातक ठरते. रक्त न गोठू देणारी ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या शरीरातही पोहोचतात. म्हणून घर, शाळा व धान्यकोठार येथे पिंजऱ्याच्या सापळ्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

पायपट्टी व तिचा ताण

प्राण्याचा पाय पडताच सापळ्याचे दार मिटविणारा जो पत्रा असतो, त्यास आपण पायपट्टी म्हणू. पट्टी दाबली गेली की दार अडवून धरणारी खिटी निसटते. खिटी निसटण्यास जेवढा भार लागतो, तो पट्टीचा ताण होय. ताण फार कमी असल्यास वाऱ्याच्या झुळकेने किंवा पालीच्या चालण्याने दार मिटते. तो फार जास्त असल्यास उंदीर आमिष खाऊन सुखरूप परततो.

काळा उंदीर साधारणतः १०० ते २०० ग्रॅम वजनाचा असतो. मोठी घूस त्याहून जड असते, तर चिचुंद्री पुष्कळच हलकी. उंदराचे पुढचे दोन पाय प्रथम पट्टीवर पडत असल्यामुळे त्याचा सर्व भार तीवर येत नाही. म्हणून ताण वजनाच्या सुमारे एकतृतीयांश, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम ठेवणे योग्य ठरते. अशा पट्टीवरून कीटकभक्षी चिचुंद्री बहुधा सुटून जाते. १० ते २० ग्रॅम वजनाच्या घरातील लहान उंदरासाठी मात्र वेगळा, हलक्या पट्टीचा सापळाच वापरावा.

ताण मोजण्यास खास उपकरण लागत नाही. दहा रुपयांचे नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असते. पाय जेथे पडेल तेथे एकावर एक नाणी ठेवत जावे; सहाव्या नाण्यास खिटी निसटली, तर ताण सुमारे ४६ ग्रॅम आहे. बिजागरीपासून दूर ठेवलेले नाणे लवकर परिणाम करते, म्हणून जागा दरवेळी तीच असावी. तरफेचा हा पाठ शिक्षकांना वर्गातही घेता येईल. मात्र हात पिंजऱ्यात न घालता दार अडवून ठेवावे.

कोणते नट-बोल्ट निवडावेत?

पट्टी बिजागरीच्या बोल्टवर फिरते. बोल्ट आवळला की घर्षण वाढते व ताणही वाढतो. परंतु साधा एकच नट दार आपटण्याच्या हादऱ्यांनी सैल होत जातो. यासाठी त्यावर दुसरा नट आवळून बसवावा, किंवा आत नायलॉनचे कडे असलेला नट घ्यावा. स्प्रिंग वायसरनेही पकड टिकण्यास मदत होते. हाताने फिरविण्याचा पंखांचा नट सोयीचा असला, तरी तोही एकट्याने भरवशाचा नाही.

पावसाळ्यात लोखंडी बोल्ट गंजतो व ताण नकळत वाढतो. म्हणून पितळी किंवा न गंजणारा पोलादी बोल्ट व वायसर थोडे महाग पडले तरी घ्यावेत. जेथे ताण स्प्रिंगवर अवलंबून असतो, तेथे स्प्रिंग वाकवून जुळविण्यापेक्षा योग्य जाडीची नवी बसविणे बरे. दर पंधरवड्यास नाण्यांची चाचणी पुन्हा घ्यावी.

ताणाची मर्यादा

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ताण वाढवून हलके प्राणी वगळता येतात. जड प्राणी वगळता येत नाहीत. उंदरास जी पट्टी मिटते, ती मुंगसासही मिटणारच. त्यास दूर ठेवायचे तर दाराचे तोंड लहान हवे व सापळा घराच्या आत हवा.

हाच विचार शेताच्या कडेला लावल्या जाणाऱ्या जबड्याच्या लोखंडी सापळ्यांना व तारेच्या फासांना लागू केला, म्हणजे त्यांचा धोका उघड होतो. रानडुकरासाठी लावलेला सापळा बिबट्या, अस्वल, गाय व गुराखी यांच्यात भेद करीत नाही आणि कोणताही स्क्रू त्याला तो भेद शिकवू शकत नाही. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ १३०० किलोमीटरांहून अधिक वाटचाल करून डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची बरीचशी वाट शेताशिवारांतून गेली. त्या वाटेवरील एखादाच सापळा हा प्रवास संपविण्यास पुरेसा होता.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी सापळ्यात पकडणे, किंबहुना तसा प्रयत्न करणे, हीही शिकारच होय. २०२२ च्या सुधारणेनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. वन्यप्राण्यांमुळे पिकाची हानी झाल्यास वनविभागाकडे भरपाईसाठी अर्ज करावा. सापळा हा त्यावरील मार्ग नव्हे.

ग्रामपंचायतींनी गोदाम व शाळा यांसाठी चांगले पिंजरे घ्यावेत, त्यांची नियमित तपासणी करावी आणि शिवारात फासे किंवा जबड्याचे सापळे आढळल्यास वनरक्षकास त्वरित कळवावे. धान्य राखणे व वन्यजीव राखणे ही दोन्ही कामे एकाच गावाची आहेत.