कापसाची पारख आणि चित्रांची पारख

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हा परिसर कापसाचा. येथील शेतकऱ्याला कापसाची प्रत कोणी पुस्तकातून शिकविलेली नसते. मूठभर कापूस घ्यावा, तंतू चिमटीत धरून ओढावा, रंग न्याहाळावा, कवडी व कचरा किती ते पाहावे, की भावाचा अंदाज येतो. वर्षानुवर्षे कापूस हाताळल्याने ही नजर तयार होते. चित्रांच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी, आणि गावातील शिक्षकही, ‘आम्हाला त्यातले काय कळते’ असे म्हणून बाजूला होतो. मुंबईस गेलेली शाळेची सहल गेटवे ऑफ इंडिया पाहून परतते. तेथून चालत जाण्याच्या अंतरावरील कलादालनांची पायरी ती क्वचितच चढते.

या संदर्भात जहांगीर निकल्सन (1915-2001) यांचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. निकल्सन हे मुंबईतील कापसाचे व्यापारी. शिक्षण हिशेबतपासनीसाचे, कलेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. वयाची पन्नाशी उलटल्यावर, 1968 मध्ये, त्यांनी शरद वायकूळ यांचे एक चित्र विकत घेतले. तेथून प्रदर्शनांना जाणे, चित्रकारांशी बोलणे, आवडलेले चित्र घरी आणणे असा क्रम सुरू झाला आणि पुढील तीन दशकांत सुमारे 800 कलाकृतींचा संग्रह उभा राहिला. हुसेन, रझा, गायतोंडे, आरा, अकबर पदमसी, तय्यब मेहता अशा चित्रकारांची कामे त्यात आहेत. ही नावे दूरची वाटतात खरी. पण वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, आणि मुंबईत मोटारी धुण्याचे काम करता करता चित्रकार झालेले कृष्णाजी आरा हे सिकंदराबादजवळच्या बोलारमचे. सेलूवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच ते गाव आहे.

संग्रह करणे श्रीमंतांची हौस, हा आक्षेप अगदीच गैर नाही. बंद कपाटात राहिलेला संग्रह समाजाच्या उपयोगी पडत नाही. निकल्सन यांनी मात्र 1976 मध्येच राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे नरिमन पॉइंट येथील एन.सी.पी.ए. मध्ये, आपल्या संग्रहासाठी दालन सुरू केले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने 2011 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हा संग्रह लोकांसमोर मांडला. हे वस्तुसंग्रहालयही खाजगी संग्राहकांचे ऋणी आहे. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांचे संग्रह त्याला लाभले आहेत.

मराठवाड्यालाही ही परंपरा नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी प्राचीन तगर नगरीच्या पांढरीत सापडणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती जमविल्या. इतरांच्या दृष्टीने ती माती-खापरे होती. आज तेथे त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. प्राचीन वस्तू असोत वा आजची चित्रे, ज्याची किंमत अजून कोणी ठरविलेली नाही ते वेळीच ओळखून जपणे, हे संग्राहकाचे खरे काम होय.

आता प्रश्न उरतो तो पाहण्याचा. आधुनिक चित्रात झाड झाडासारखे नसते, येथेच पुष्कळांचे पाऊल अडखळते. अशा वेळी ‘हे कशाचे चित्र आहे’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. गायतोंडे यांच्या उत्तरकालीन चित्रात वस्तू नाहीतच. रुळाने व पातळ सुरीने चढविलेले आणि खरवडलेले रंगांचे थर आहेत. प्रथम दूर उभे राहावे, मग जवळ जाऊन थर कसे बसले आहेत ते पाहावे, पुन्हा मागे यावे. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानाचा रंग क्षणोक्षणी कसा पालटतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे अवघड जाऊ नये. सर्वच चित्रे आवडली पाहिजेत असेही नाही. एका भेटीत पाच-सहा चित्रे नीट पाहिली तरी पुरे. सारे दालन धावत पाहण्यात डोळे तेवढे थकतात.

सहल नेणाऱ्या शिक्षकांच्या सोयीसाठी एवढे सांगता येईल की वस्तुसंग्रहालयाच्या आवारालगतच 1952 मध्ये सुरू झालेले जहांगीर कलादालन आहे, आणि समोरच 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. हे संग्रहालय सोमवारी बंद असते, तेव्हा सहलीचा वार ठरवितानाच हे ध्यानात घ्यावे. कोणत्या दालनात कोणते प्रदर्शन चालू आहे याची चौकशी अगोदर पत्राने वा दूरध्वनीने करणे बरे. जहांगीर कलादालनात प्रवेशशुल्क नाही. तेथे चित्रकार स्वतः बहुधा आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो, आणि विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले तर तो सहसा कंटाळत नाही.