‘ओ सनम’: सिनेमाविना टिकलेलं गाणं

मुंबईहून उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरूला निघालं की प्रवास संपत आला असताना येलहंका लागतं आणि डब्यात बॅगा काढायची घाई सुरू होते. या येलहंक्याजवळ केंचेनहळ्ळीत विनोदसम्राट मेहमूद यांच्या कुटुंबाची शेतजमीन आहे आणि त्यांचे चिरंजीव लकी अली यांचं घरही तिथेच. ‘सुनो’ हा त्यांचा पहिला अल्बम 1996 साली आला, त्यातलं गाणं ‘ओ सनम’. त्यानंतर हिंदी गैरफिल्मी गाण्यांची एक अख्खी लाट उसळली आणि ओसरली. कॅसेट गेली, सीडी गेली, गाण्यांची चॅनेलंही बंद पडत गेली. पण बंगळुरूत चारजण गिटार घेऊन बसले, त्यात एक बिहारचा, एक हुबळीचा, एक कोल्हापूरचा असला, की सगळ्यांना येणारं गाणं म्हणून आजही हेच निघतं.

1996 हे साल जरा आठवून पाहा. चॅनल व्ही 1994 पासून घराघरात आलं होतं आणि एमटीव्हीही भारतासाठी स्वतंत्र वाहिनी घेऊन त्याच सुमारास परतलं. आदल्या वर्षी अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने बाजार दणाणून सोडला होता. हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचं ‘कलोनियल कझिन्स’ही 1996चंच. आणि जगभर त्या वर्षी एका स्पॅनिश गाण्याने धुमाकूळ घातला होता: सेव्हिलजवळच्या दोस एर्मानास गावातल्या लोस देल रिओ या जोडीचं ‘माकारेना’. त्याचं रीमिक्स अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आपल्याकडच्या लग्नांच्या वरातीतसुद्धा भाषेचा गंध नसलेली माणसं त्यावर हात हलवत होती.

अशा नाचाच्या हंगामात ‘ओ सनम’ आलं. त्यात नाच नाही. एक गिटार, तिच्यामागे मोकळी जागा, आणि घोगरट, किंचित अनुनासिक आवाज. तो ताना घेत नाही, हरकती घेत नाही, वरच्या पट्टीत जाऊन ऐकणाऱ्याला जिंकायला बघत नाही. सकाळ-संध्याकाळ येणारी आठवण आणि भेटून दुरावण्याचा जगाचा रिवाज, एवढाच मजकूर. सांगणारा शेजारी बसून बोलावं तसं सांगतो. मला या गाण्याचं बळ या संयमातच दिसतं. हिंदी सिनेमाच्या विरहगीतात दुःख मोठं करून दाखवावं लागतं, कारण तिथे पडद्यावर नट रडत असतो. इथे नटच नव्हता.

व्हिडिओ होता, आणि तो गाजलाही. महेश मथाई यांनी तो इजिप्तमध्ये चित्रित केला. पिरॅमिड आणि वाळवंट आपल्या छोट्या पडद्यावर तेव्हा नवलाचे होते. पण आज गाणं गुणगुणणाऱ्या विशीतल्या मुलांनी तो पाहिलेला असतोच असं नाही. संगीताची घडण मायकी मॅक्लिअरी यांची. चेन्नईत जन्मलेला आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेला हा संगीतकार त्या वेळी लकी अली यांचा मेहुणा होता. शब्द लिहिले सय्यद अस्लम नूर यांनी. हे तिसरं नाव मुद्दाम लक्षात ठेवा.

मराठी माणसाला या गाण्याचं नातं चटकन ओळखू यायला हवं. सिनेमात नसलेलं, नाटकात नसलेलं, केवळ ऐकण्यासाठी जन्मलेलं गाणं आपल्याकडे 1930च्या दशकापासून आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी ध्वनिमुद्रिकेवर गायली आणि भावगीत घरोघरी पोचलं. गजाननराव वाटव्यांनी ते चौकाचौकात नेलं. त्यामुळे 1998 मध्ये कवी सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ हा पावसाच्या गाण्यांचा अल्बम आला तेव्हा आपल्याला पाऊस नवा वाटला, पण गाण्याचा प्रकार नवा वाटला नाही. हिंदीत गझल आणि भजन सोडलं तर अशा गाण्याला हक्काचं घरच नव्हतं. ‘ओ सनम’ला मी हिंदीतलं भावगीत म्हणेन. इंडीपॉपच्या खोक्यात ते बाजाराने टाकलं, एवढंच.

स्पॅनिश जगातही अशा गाण्याला सिनेमाचा टेकू लागला नाही. माद्रिदच्या मेकानो या तिघांच्या गटाने 1986च्या अल्बममध्ये ‘इहो दे ला लूना’ हे संथ गाणं दिलं. होसे मारिया कानो यांनी रचलेलं, आना तोरोखा यांनी गायलेलं. चंद्र आणि एका जिप्सी बाईची ती काळीजकापी कथा. गट पुढे फुटला, गाणं राहिलं. तिथे गटाला स्वतःचा श्रोता होता. आपल्याकडे तसा श्रोता तयार होतोय तोवर गाण्याच्या कंपन्यांनी पैसा पुन्हा सिनेमाकडे वळवला. एमपी3ची चोरटी बाजारपेठ वाढली, वाहिन्यांवर चित्रपटांच्या जाहिरातीची गाणी वाजू लागली आणि मग गाण्यांच्या स्पर्धांचे कार्यक्रम आले, ज्यांत नवं गाणं नव्हे तर जुनं चित्रपटगीत गाऊन दाखवायचं असतं. एका चांगल्या वाटेचं हे नुकसान मला अजूनही सलतं.

लकी अली यांचे ‘सिफर’ (1998), ‘अक्स’ (2001) आणि ‘कभी ऐसा लगता है’ (2004) हे अल्बम याच काळातले. सिनेमानेही त्यांना बोलावलं, ‘कहो ना... प्यार है’मधल्या गाण्याने फिल्मफेअर मिळवून दिलं. मोठ्या पडद्यावर ते त्याआधीच होते, श्याम बेनेगल यांच्या गोव्यावरच्या ‘त्रिकाल’मध्ये (1985). पण मुंबईच्या धबडग्यात ते रमले नाहीत. मला तरी या गाण्याच्या दीर्घायुष्याशी त्याचा संबंध वाटतो. दर वर्षी नवा अवतार घेऊन समोर येणाऱ्या गायकाचं जुनं गाणं लवकर जुनं होतं. यांचं झालं नाही.

तेव्हाचं येलहंकाही आता राहिलेलं नाही. ‘सुनो’च्याच वर्षी तिथल्या हवाई तळावर एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं. 2008 मध्ये पुढे देवनहळ्ळीला नवा विमानतळ सुरू झाला आणि द्राक्षबागांच्या त्या पट्ट्यात टॉवर उभे राहिले. 2022च्या डिसेंबरात आपल्या जमिनीवर अतिक्रमण होत असल्याची तक्रार लकी अली यांना जाहीरपणे मांडावी लागली. पन्नास वर्षं आम्ही इथे आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं.

त्याआधी 2020च्या अखेरीस, करोनाने माणसं घरात कोंडली गेली असताना, गोव्यात हरमलला एका बागेत बसून गिटारवर ‘ओ सनम’ गाणारे लकी अली मोबाइलच्या पडद्यावर दिसले. दाढी पांढरी, आवाज थकलेला, चाल जराशी संथ. ती चित्रफीत देशभर फिरली. 1996 नंतर जन्मलेली पोरं तिच्याखाली आपल्या आठवणी लिहीत होती. चॅनल व्हीची भारतातली वाहिनी तोवर बंद झाली होती.

आता एक मागणं. आकाशवाणीने आपल्याला लावलेली सवय अशी की गाणं लागण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक, तिन्ही नावं ऐकायची. म्हणून ‘गारवा’ म्हटलं की सौमित्र आपसूक आठवतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये मात्र गायकाचं नाव ठळक असतं आणि गीतकाराचं शोधावं लागतं. ‘ओ सनम’ लाखोंना पाठ आहे, पण ते कुणी लिहिलं, हे विचारलं तर बहुतेकजण गप्प होतात. पुढच्या वेळी मित्रांच्या बैठकीत हे गाणं निघालं, तर सुरुवात करण्याआधी सय्यद अस्लम नूर हे नाव मोठ्याने घ्या.