घराचा सौदा : सल्लागार नेमका कोणाचा?

धान्याच्या बाजारात मुठीत नमुना घेऊन पारखल्याशिवाय व्यापारी पोत्याचा भाव ठरवीत नाही. उधारीवर माल देताना समोरच्या पेढीची पत तो चार ठिकाणी विचारून घेतो. मात्र तोच व्यापारी घर घेताना ‘ओळखीचा माणूस आहे, सगळे पाहून घेईल’ एवढ्या भरवशावर इसार देऊन मोकळा होतो. मग मध्यस्थच वकील सुचवतो, वकीलच नोंदणीचे काम करणारा आणतो, आणि अडचणीचा प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही.

मध्यस्थाला दलाली मिळते ती सौदा पूर्ण झाल्यावर. त्यामुळे ‘हे घर घेऊ नका’ असा सल्ला त्याच्याकडून अपेक्षिणे व्यवहाराला धरून नाही. घरे दाखवणे आणि भावाची बोलणी जुळवणे हे त्याचे काम. ते तो प्रामाणिकपणे करीत असेल तर दलालीही रास्तच. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातील सदनिका विकण्यासाठी मध्यस्थाचीही तेथे नोंदणी असावी लागते. तिचा क्रमांक मागून घ्यावा व संकेतस्थळावर तपासावा. दलाली किती, ती एकाच बाजूकडून की दोन्हीकडून, हे पहिल्याच भेटीत लेखी ठरवावे.

‘कर्ज देताना बँकेचा वकील कागदपत्रे पाहतोच, मग स्वतःचा वकील कशाला?’ हा समज सर्वत्र आढळतो. बँकेचा वकील पाहतो ते बँकेचे तारण. ताबा लांबला तर काय, सौदा मोडल्यास इसार परत मिळेल काय, या अटी खरेदीदाराच्या बाजूने वाचणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी स्वतःचाच वकील हवा. निदान ३० वर्षांच्या मालकीहक्काचा शोध घेऊन त्याने लेखी अहवाल द्यावा.

विक्रेत्यालाही वकिलाची गरज तेवढीच असते. वडिलांच्या नावाची सदनिका दोघे भाऊ विकायला काढतात. सोसायटीत नामनिर्देशन थोरल्याच्या नावे असते, म्हणून मालकीही त्याचीच असे घरात गृहीत धरलेले असते. इसार घेतल्यावर खरेदीदाराचा वकील विचारतो, ‘बहीण आहे का?’ नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. जैन कुटुंबांनाही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या मालमत्तेत विवाहित मुलीचा वाटाही मुलाइतकाच असतो. अशा वेळी बहिणीला घाईघाईने सहीसाठी बोलावले जाते. रक्कम तिला नकोही असेल. पण आपल्याला विचारले नाही, हे शल्य तिच्या मनात वर्षानुवर्षे राहते. जाणता वकील सौद्यापूर्वीच सांगतो, ‘आधी बहिणीशी बोला.’ ती वाटा घेईल किंवा स्वेच्छेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल. निर्णय तिचा असावा.

सनदी लेखापालाकडे व्यापारी सहसा विवरणपत्र भरताना जातो. घराच्या व्यवहारात त्याच्याकडे इसारापूर्वी जावे. घराची किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास निवासी विक्रेत्याला रक्कम देताना खरेदीदाराला १ टक्का कर कापून भरावा लागतो. विक्रेता अनिवासी असल्यास नियम निराळे व कपात अधिक असते. राहते घर विकून दुसरे घेणाऱ्यास भांडवली नफ्यावर सवलत मिळू शकते, परंतु तिच्या मुदती काटेकोर असतात. घराच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो. ‘थोडे रोखीत’ हा बाजारातला सल्ला म्हणूनच महाग पडतो.

इमारत जुनी असेल तर अभियंत्याकडून तिची पाहणी करून घ्यावी. नव्या रंगाखाली गंजलेली सळई घरमालकाला दिसत नाही.

सल्लागार निवडताना प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. शुल्क कोण देणार? सौदा मोडला तरी ते मिळणार काय? आणि सल्ला लेखी देणार काय? ज्याचे शुल्क सौद्यावर अवलंबून नाही व जो आपले मत सहीनिशी देतो, त्याचा ‘थांबा’ हा शब्द मोलाचा मानावा. त्याला दिलेले शुल्क खर्चाच्या बाजूला लिहिले जाते खरे. परंतु त्यातून वाचलेली पुंजी आणि टिकलेली भावंडांची माया कोणत्याही वहीत मांडता येत नाही.