नवा पैसा आणि संगणकाची भाषा

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. पावलीचे पंचवीस आणि अधेलीचे पन्नास, हा हिशेब सोपा होता. एका आण्याचे मात्र सव्वासहा नवे पैसे होत, आणि तसे नाणे टांकसाळीत पाडलेले नव्हते. तरीही व्यवहार अडला नाही. कारण रुपयाचे मूल्य तेच राहिले आणि जुनी नाणी काही काळ नव्यांच्या बरोबरीने चालू दिली गेली. लोकांचा हात बसल्यावर, १ जून १९६४ पासून, 'नवा' हे विशेषणही गळाले.

संगणकाच्या भाषांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. बोलण्यात एखादा शब्द बदलला तर ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. यंत्राला तशी समज नाही. भाषेचा एक नियम बदलला की कालपर्यंत बिनबोभाट चाललेला प्रोग्राम बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, न थांबता चुकीचे उत्तर देतो.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉन या भाषेचे उदाहरण घेऊ. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत साध्या अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे निव्वळ बाइटांची रांग असे. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत तीन लागतात. म्हणून 'शिंदखेडा' या शब्दाची लांबी विचारली की उत्तर येई २४! ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर आणि बाइट वेगळे केले. आता उत्तर येते ८ : चार अक्षरे आणि त्यांना जोडलेल्या चार खुणा.

ही सुधारणा आम्हा मराठी लिहिणाऱ्यांच्या हिताचीच होती. पण त्याच वेळी भागाकारही बदलला. सातास दोनाने भागले तर पूर्वी तीन येत, आता साडेतीन येऊ लागले. ज्याने जुन्या तीनवर हिशेब बेतला होता, त्याचे गणित मुकाट्याने चुकू लागले. जुन्या आवृत्तीला २०१५ पर्यंत दिलेली मुदत अखेर २०२० पर्यंत वाढवावी लागली. मजकुराची काढून टाकलेली एक जुनी खूणही २०१२ साली परत घ्यावी लागली; तिच्यावाचून दोन्ही आवृत्त्यांत चालेल असा प्रोग्राम लिहिणे अवघड झाले होते.

रस्ट या भाषेने निराळी वाट धरली. तिच्यात प्रोग्रामचा प्रत्येक संच आपण कोणत्या सालच्या नियमांनी लिहिला आहे ते सांगतो, आणि २०१५ चा संच २०१८ च्या संचाबरोबर सुखाने चालतो. जुनी आणि नवी नाणी एकाच गल्ल्यात ठेवण्याचीच ही युक्ती.

बदल करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे झाले असते तर आपल्या गावाचे नाव पायथॉनला आजही चोवीस तुकडेच वाटले असते. परंतु बदलाचा लाभ पुष्कळदा पुढे येणाऱ्यांना मिळतो आणि त्रास आधीपासून विसंबून असलेल्यांना होतो. म्हणून पूर्वसूचना, पुरेशी मुदत आणि जुने काम नव्यात उतरवण्याचे साधन, ही तीन देणी बदल करणाऱ्याने आधी चुकती करावीत.