कवीचे घर आणि ते दाखवणारा

साहित्यिकाचे घर पाहायला आपण जातो, पण घर स्वतः बोलत नाही. बोलतो तो ते सांभाळणारा. इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअरच्या जन्मघरात मेरी हॉर्नबी ही भाडेकरू बाई बऱ्याच संशयास्पद वस्तू त्याच्या म्हणून दाखवीत असे. १८२० साली घर सोडावे लागले, तेव्हा तिने भिंतीवरील पाहुण्यांच्या सह्यांवर चुना फासला. पुढे १८४७ मध्ये लोकवर्गणीतून ते घर जतनासाठी विकत घेण्यात आले.

आपल्याकडे गणपतीपुळ्याजवळ मालगुंड येथे केशवसुतांचे जन्मघर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये तेथे स्मारक उभे केले. त्यामुळे देवदर्शनाला आलेली माणसे कवीच्याही दारी जाऊ लागली. मात्र घर दाखवणारा ‘तुतारी’विषयीच सांगतो, की ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या कवितेविषयीही, यावर आपण कोणते केशवसुत घेऊन परततो हे ठरते. १९०५ साली वारलेल्या या कवीने अस्पृश्यतेवर लिहिले होते, हे विसरून चालणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, नाशिकहून कोकणच्या सहलीला जाल तेव्हा ही कविता वाचून जा व तिच्याविषयी तेथे अवश्य विचारा. विचारणारे वाढले, की सांगणारेही सांगू लागतात.