घरातल्या बी.पी. मशीनची परीक्षा

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घेताना अरेरा कॉलनीतली माणसं आधी काट्याकडे बघतात. पिशवी ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना? टोपलीचं वजन वजा केलंय ना? जरा शंका आली तर गिऱ्हाईक सरळ सांगतं, 'भैया, फिर से तौलो.' इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी नापतौल विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. महाराष्ट्रात हे काम वैध मापनशास्त्र यंत्रणा करते.

याच बाजाराच्या आसपासच्या औषधांच्या दुकानांत बी.पी.ची मशीनं मिळतात. ती घेताना मात्र आपण वॉरंटी किती, सेल सोबत येतात का आणि किंमत किती कमी करणार, एवढंच विचारतो. मशीन बरोबर आकडा दाखवतं का, आणि ते कुणी, कसं तपासलंय, हा प्रश्न कुणी काढत नाही. खरं तर वैध मापनशास्त्राच्या २०११च्या सामान्य नियमांत काटे आणि मापांच्याच रांगेत रक्तदाबमापकही आहे. कायद्याच्या लेखी तेही एक मापच. पण एकदा ते आपल्या कपाटात गेलं की त्याची पडताळणी करायला कुणी येत नाही. ते काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, आणि ते करता येतं. हा लेख त्यासाठी आहे.

प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. आयसीएमआरच्या पुढाकारानं झालेल्या देशव्यापी 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. २०१७च्या अखेरीस पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्यं त्या पहिल्या पाचांत होती. पुढे करोनाच्या काळात दवाखान्यात जायची भीती वाटू लागली आणि ऑक्सिमीटरसोबत बी.पी.चं मशीनही घरोघरी आलं. जुलै २०२१मध्ये सरकारनं या यंत्रांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. मशीन आवाक्यात आलं, आणि त्यावर दिसणाऱ्या आकड्यावरून गोळी घ्यायची की टाळायची, हे घरातच ठरू लागलं. मला काळजी वाटते ती याचीच.

आकडा येतो कुठून, हे आधी समजून घेऊ. इटलीतले डॉक्टर रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला रबरी पट्टा गुंडाळून पाऱ्याच्या नळीनं दाब मोजायची सोपी रीत काढली. त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा होता आणि त्यामुळे आकडे चढे येत. पुढच्या काही वर्षांतच रुंद पट्टा आला. १९०५ साली रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकायला सांगितलं. ठोका ऐकू येऊ लागतो तो वरचा आकडा आणि आवाज थांबतो तो खालचा. आजही डॉक्टर कानाला नळ्या लावून मोजतात ते याच पद्धतीनं.

घरातलं मशीन असं काही ऐकत नाही. पट्टा फुगतो, मग हळूहळू सैल होतो, आणि या वेळात धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यातल्या हवेत बारीक कंपनं उठतात. दाब एका विशिष्ट पातळीला आला की ती सर्वांत मोठी होतात. ही पातळी साधारणपणे धमनीतल्या सरासरी दाबाची असते. वरचा आणि खालचा आकडा मशीन कंपनांच्या चढउतारावरून गणित करून काढतं. ते गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि गुप्त असतं.

म्हणून मशीनचा खरेपणा दोन प्रकारांनी बघावा लागतो. पट्ट्यातल्या हवेचा दाब आतला सेन्सर बरोबर मोजतो का, ही पहिली तपासणी. तिला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि इथे पाऱ्याच्या साधारण तीन मिलिमीटरच्या आतबाहेरची चूक चालते. दुसरी तपासणी त्या गणिताची: माणसाच्या दंडावर लावल्यावर निघालेला आकडा, कसलेल्या माणसानं स्टेथोस्कोपनं मोजलेल्या आकड्याशी जुळतो का? हिला व्हॅलिडेशन म्हणतात. सेन्सर अगदी अचूक असूनही गणित कच्चं असू शकतं. 'कॅलिब्रेटेड' असा शिक्का पाहून निर्धास्त होणारे या दुसऱ्या परीक्षेचं नावही ऐकून नसतात, आणि खरी परीक्षा तीच.

ती कशी घ्यायची, हे अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञ संस्था आणि आयएसओ यांनी २०१८ साली मिळून ठरवलं. किमान ८५ माणसं घ्यायची. त्यांत बारीक, मध्यम आणि जाड दंडाची, कमी आणि जास्त रक्तदाबाची, अशी सगळी हवीत. दोन निरीक्षक एकाच वेळी ऐकणार, पण एकाचा आकडा दुसऱ्याला दिसणार नाही. मशीनची सरासरी चूक पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि आकड्यांचा विस्कळीतपणा, म्हणजे प्रमाण विचलन, आठपेक्षा जास्त नको. यात उतरलेल्या मॉडेलांच्या याद्या इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. 'स्ट्राइड बीपी' ही आंतरराष्ट्रीय यादी आहे, तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पुढाकारानं झालेली यादी 'व्हॅलिडेट बीपी' या नावानं आहे. मशीन उलटं करून तळाच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा. नुसतं कंपनीचं नाव जुळून भागत नाही. एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि त्याच्या शेजारी ठेवलेलं, दिसायला तसंच, यादीत नसतं.

भारतात १ जानेवारी २०२१पासून बी.पी. मशीनं औषध नियंत्रण यंत्रणेच्या कक्षेत आली आहेत, हे चांगलंच झालं. पण विक्रीचा परवाना असणं आणि मॉडेल या यादीत असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० साली तिथे ऑनलाइन विकली जाणारी मशीनं तपासली. दंडाच्या मशीनांपैकी पाचांतलं जेमतेम एक व्हॅलिडेशन झालेलं निघालं, आणि मनगटाला बांधायच्या पट्टीवजा उपकरणांत एकही नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी ८५ लोकांना स्वतःचं घरचं मशीन घेऊन बोलावलं आणि त्याच्या आकड्यांची डॉक्टरी मोजमापाशी तुलना केली. दहांपैकी सुमारे सात मशीनं पाच मिलिमीटरच्या आत जुळली नाहीत, आणि जवळपास तीन मशीनं दहा किंवा त्याहून जास्त अंकांनी चुकली.

पाच-दहा अंकांनी काय होतं, असं वाटेल. ज्याचा खरा आकडा १३२ आहे त्याला मशीन १४१ दाखवतं आणि तो दुसरी गोळी सुरू करतो. मग पहाटे अंथरुणातून उठताना त्याला घेरी येते. उलट ज्याचा १४८ आहे त्याला १३८ दिसतो आणि तो आहे तीच गोळी सोडून देतो. यातला दुसरा माणूस मला जास्त घाबरवतो, कारण त्याला काहीच होत नसतं, अगदी होईपर्यंत.

आता पट्ट्याकडे येऊ, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. शिवणकामाची टेप घ्या. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. समजा तो ३५ सेंटिमीटर भरला. आता पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला आकडा वाचा. बऱ्याच मशीनांसोबत २२ ते ३२ सेंटिमीटरचा पट्टा येतो. म्हणजे हा पट्टा तुमचा नाही. वेल्क्रो चिकटतं, पट्टा बसतो, मशीनही निमूटपणे आकडा देतं, आणि तो चढा असतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९५ प्रौढांवर हेच तपासून २०२३ साली प्रसिद्ध केलं. एक माप लहान पट्ट्यानं वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी वाढला. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा लावल्यावर तो १९.५ अंकांनी चढला. आपल्या घरातल्या भरलेल्या दंडाच्या किती मावश्या-काकू या हिशेबानं विनाकारण 'हाय बी.पी.'च्या झाल्या असतील! मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. दुकानदाराकडे मागावा लागतो, एवढंच. पण तो त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलला चालणारा हवा.

हाताची जागाही तितकीच महत्त्वाची. पट्टा हृदयाच्या पातळीला असायला हवा. तो दहा सेंटिमीटर खाली गेला की निव्वळ रक्ताच्या उंचीमुळे आकडा सात-आठ अंकांनी वाढतो. याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १३३ जणांवर झालेला प्रयोग २०२४ साली आला. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे चार अंकांनी आणि तसाच बाजूला लोंबता सोडला तर साडेसहा अंकांनी जास्त आला. सोफ्यावर रेलून, पायांवर पाय टाकून, टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलता बोलता घेतलेला आकडा कितीही महागड्या मशीनचा असला तरी खरा नसतो. टेकायला पाठ असलेली खुर्ची, जमिनीवर सपाट टेकलेली पावलं, टेबलावर विसावलेला हात आणि उघड्या दंडावर पट्टा हवा. आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, आणि चहा, तंबाखू, व्यायाम अर्धा तास दूर ठेवायचे. एवढं झाल्याशिवाय मशीनला दोष देऊ नये.

मशीनची परीक्षा लोक घरच्या घरी कशी घेतात, तेही बघण्यासारखं आहे. 'अहो, मला १५२ दाखवतंय, तुम्ही लावून बघा बरं.' यजमानांना १२६ येतात आणि मशीन बिघडलंय असं ठरतं. दोन वेगळ्या माणसांच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. लागोपाठ दोन वेळा मोजून आठ अंकांचा फरक आला म्हणूनही मशीन खोटं ठरत नाही, रक्तदाब ठोक्यागणिक हलत असतो. डाव्या-उजव्या हातांत थोडा फरक अनेकांना असतोच. तो सतत दहापेक्षा जास्त असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, आणि पुढे नेहमी जास्त आकड्याच्या हातावरच मोजा. शेजाऱ्यांच्या मशीनशी तुलना करणंही व्यर्थ. दोन्ही मशीनं सारखीच चुकत असतील तर आकडे छान जुळतात.

खरी पडताळणी दवाखान्यात, मशीन सोबत नेऊन होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं पुरस्कारलेली पाच मोजमापांची रीत सोपी आहे. एकाच हातावर, साधारण मिनिटभराच्या अंतरानं, पहिली दोन मोजमापं घरच्या मशीनवर घ्यायची. तिसरं डॉक्टरांच्या उपकरणावर, चौथं पुन्हा घरच्यावर आणि पाचवं पुन्हा डॉक्टरांच्या. पहिलं हिशेबात धरायचं नाही, कारण सुरुवातीला आकडा बहुधा चढा असतो. आता दुसऱ्या आणि चौथ्याची सरासरी काढून तिसऱ्याशी ताडून बघायची. वरच्या आकड्यात पाच किंवा कमी फरक असेल तर मशीन पास. दहाच्या वर असेल तर बदला. सहा ते दहाच्या मध्ये असेल तर आणखी एक पायरी आहे.

उदाहरण घेऊ. घरचं मशीन १५६ आणि १५०, डॉक्टरांचं १४१, मग घरचं १४८ आणि डॉक्टरांचं १३९. घरच्या १५० आणि १४८ची सरासरी १४९, ती १४१पेक्षा आठनं जास्त. म्हणून आता डॉक्टरांच्या १४१ आणि १३९ची सरासरी काढायची: १४०. चौथं मोजमाप होतं १४८. फरक आठ, म्हणजे दहाच्या आत, तेव्हा मशीन वापरता येईल. पण ते चढं दाखवतं, हे डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या. पुढे औषध ठरवताना ते उपयोगी पडेल. सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना ती काढता येत नाहीत, तेव्हा सिस्टरांना विनंती करा आणि सकाळी लवकर जा.

दवाखान्यातलं उपकरण तरी बरोबर आहे का, हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. पाऱ्याची उपकरणं जगभर मोडीत निघताहेत. पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ साली मान्यता दिली. त्यांच्या जागी घड्याळासारख्या तबकडीची उपकरणं आली, आणि ती एकदा टेबलावरून पडली की बिघडू शकतात. पट्टा रिकामा असताना काटा शून्यावर नसेल तर त्याच्यावर विसंबू नये.

एकदा पास झालेलं मशीन कायमचं पास नसतं. वर्षातून एकदा, किंवा मशीन पडलं किंवा पट्टा बदलला तर लगेच, ही पडताळणी पुन्हा करावी. आकडे घेताना निदान तीन दिवस, शक्यतो सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी दोन-दोन वेळा मोजून वहीत सगळे लिहावेत. चांगले तेवढे निवडू नयेत. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. ती घरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर तो उच्च रक्तदाब धरतात. दवाखान्यात हीच सीमा १४०/९० आहे. हिवाळ्यात आकडे थोडे वर सरकतात, तेव्हा दिवाळीनंतरच्या आठवड्याची वही उन्हाळ्यातल्या वहीशेजारी ठेवून घाबरून जाऊ नका, डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

दोन प्रकारच्या माणसांसाठी यादीतलं चांगलं मशीनही पुरेसं नाही. ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत मशीनचं गणित डळमळतं. त्यांचं बी.पी. तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि अधूनमधून डॉक्टरांकडून ऐकून मोजून घ्यावं. दुसरी गरोदर स्त्री. गरोदरपणात, विशेषतः त्या वेळच्या रक्तदाबाच्या विकारात, साधी मशीनं आकडा कमी दाखवू शकतात. त्यामुळे त्यांच्यासाठी व्हॅलिडेशन वेगळं होतं आणि यादीत तशी वेगळी नोंद असते. आजोबांसाठी आणलेलं मशीन सुनेला लावण्यापूर्वी ती नोंद शोधा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा हातापायांना, चेहऱ्याला सूज असेल तर मशीनवर १२० दिसला तरी तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.